नॉर्डमन फर: परसातल्या दोन झाडांच्या नोंदी

२६ सप्टेंबर २०२०

घर घेतलं तेव्हाच मागच्या बागेत एक मोठं झाड लावायचं असं मनात होतं. आज झाड नक्की झालं: नॉर्डमन फर.

जर्मनीत आल्यापासून नऊ वर्षं दर डिसेंबरात आम्ही ख्रिसमससाठी कापलेलं नॉर्डमन विकत आणतोय आणि ६ जानेवारी उलटला की गोळा करायच्या जागी नेऊन टाकतोय. दोन मीटर उंचीचं झाड व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. म्हणजे माझ्या लेकीपेक्षा वयाने मोठं झाड आपण तीन आठवड्यांत रस्त्यावर ठेवतो. ते टाकताना दरवर्षी हात जड होतो. एक तरी जिवंत झाड आपल्या दारात वाढावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

हे झाड मूळचं इथलं नाही. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडचे डोंगर, म्हणजे कॉकेशसचा पश्चिम भाग आणि तुर्कस्तानचा ईशान्य कोपरा, हे त्याचं माहेर. १८३८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि अलेक्झांडर फॉन नॉर्डमन या फिनलंडच्या अभ्यासकाचं नाव त्याला मिळालं. युरोपात ख्रिसमससाठी वाढवल्या जाणाऱ्या झाडांचं बरंचसं बी आजही जॉर्जियातल्या राचा भागातून, आंब्रोलाउरी गावाच्या आसपासच्या जंगलांतून येतं. फरचे शंकू फांदीवर उभे असतात आणि पिकले की झाडावरच खवला-खवला सुटून जातात. खाली पडलेला शंकू वेचू म्हटलं तर मिळत नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये माणसं तीस-तीस मीटर उंच झाडांवर चढून ते कच्चे असतानाच तोडतात. आमच्याकडे नारळ उतरवणारे चढतात तसंच, फक्त इथे हाताला चीक लागतो आणि खाली दरी असते.

मूळ जंगलात हे झाड ६० मीटरपर्यंत जातं. बागेत पंचवीस मीटर धरायचं. त्यामुळे जागा आधी. आमची बाग १४ मीटर रुंद, २२ मीटर लांब. आमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या नियमानुसार दोन मीटरपेक्षा उंच वाढणारं झाड शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान दोन मीटर आत हवं. पण खालचा घेर पुढे सात-आठ मीटर होणार, तेव्हा दोन मीटरवर लावणं म्हणजे शेजाऱ्यांवर अन्याय. मी मधोमध दोरी धरली. दोन्ही कुंपणांपासून सात मीटर, घरापासून बारा. दुपारची सावली आमच्याच गवतावर पडेल.

१० ऑक्टोबर २०२०

खड्डा. दोन दिवस गेले.

म्युनिकजवळच्या आमच्या एखिंगची जमीन म्हणजे वर वीतभर काळी माती आणि खाली गोटेच गोटे. हिमयुगात आल्प्सच्या हिमनद्यांनी वितळताना वाहून आणलेली ही खडी म्युनिकच्या सगळ्या पठाराखाली पसरली आहे. गावाबाहेर गार्खिंगचा माळ आहे, राखीव. तिथे ही जमीन नांगराविना जशीच्या तशी उरली आहे. गवत घोट्याएवढं आणि पाऊल टाकलं की खाली दगड लागतो. आमच्या बागेची आतली जात तीच.

कुदळ दर दुसऱ्या घावाला ठणकत होती. नवऱ्याने पहार चालवली, मी गोटे बाजूला काढले. खड्डा १२० सेंटिमीटर रुंद, ६० खोल. तळाची मूठभर माती बशीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं. लगेच फसफसून फेस आला. चुना भरपूर.

रात्री आप्पांना व्हिडिओवर माती दाखवली. आप्पांचं सगळं आयुष्य वाळवा तालुक्यात ऊस आणि द्राक्षं करण्यात गेलं. बशीतला फेस बघून म्हणाले, "चुनखडीचं रान हाय हे. झाड जगंल, पण पिवळं पडंल. नळाचं पाणी कसं हाय?" नळाचं पाणीही कठीण, किटलीत पांढरा थर बसतो. "मग पावसाचं साठव," म्हणाले. आज ३०० लिटरचं पिंप आणून पन्हळीखाली बसवलं.

खड्ड्यात खत टाकलं नाही. तीच माती, मोठे गोटे काढून, थोड्या पानांच्या खतासह परत भरायची. नुसती गोड माती भरली तर मुळं खड्ड्यातच फिरत बसतात.

१७ ऑक्टोबर २०२०

लागवड झाली. एक नाही, दोन.

मोठं झाड रोपवाटिकेतून आणलं: उंची १६५ सेंटिमीटर, खाली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा. हुंडी ५५ सेंटिमीटर रुंद, तिला गोणपाट, त्यावर तारेची जाळी. उचलायला चौघं लागले. रोपवाटिकेत सांगितलं की जाळी काढू नका, मानेजवळचं गोणपाट फक्त मोकळं करा, बाकी सगळं जमिनीत कुजतं. मी तसंच केलं. हुंडीची माती आमच्यासारखी नव्हती. तांबूस, चिकण, हाताला चिकटणारी.

छोटं रोप जंगलखात्याला रोपं पुरवणाऱ्या एका वाटिकेतून आणलं. इथे त्याला 'दोन अधिक दोन' म्हणतात, म्हणजे दोन वर्षं बियाण्याच्या वाफ्यात, दोन वर्षं पुनर्लागण करून. चार वर्षांचं, २६ सेंटिमीटर. उघड्या मुळांचं, ओल्या कागदात गुंडाळलेलं. किंमत कॉफीच्या एका कपापेक्षा कमी. त्याची मुळं मातीच्या रबडीत बुडवून काढली आणि मोठ्या झाडापासून चार मीटरवर, घरापासून लांबच्या बाजूला लावलं. एक दगावलं तर दुसरं असावं, एवढाच विचार.

नोंदीच्या सोयीसाठी मोठ्याला 'थोरलं' आणि छोट्याला 'धाकटं' म्हणणार. नावं लेकीने ठेवली. ती सहा वर्षांची आहे आणि थोरलं तिच्या डोक्यापेक्षा उंच आहे याचा तिला फार अभिमान वाटतो.

२७ फेब्रुवारी २०२१

दोन आठवड्यांपूर्वी कडक गोठण होती. या आठवड्यात एप्रिलसारखं ऊन. आज थोरल्याच्या दक्षिण अंगाच्या सुया तांबूस दिसल्या, उत्तरेच्या हिरव्या.

थंडीने सुया जळत नाहीत. ऊन पडलं की सदाहरित झाड पाणी सोडायला लागतं, पण जमीन गोठलेली असेल तर मुळांना ते परत मिळत नाही. थंडीतला हा दुष्काळ आहे. म्हणून गोठण नसेल त्या दिवशी हिवाळ्यातही पाणी द्यावं लागतं. आज दोन बादल्या घातल्या. धाकटं पाल्याखाली होतं, त्याला काही झालं नाही.

२९ मे २०२१

यंदा एप्रिल फार गार गेला. फूट आत्ता येतेय.

कळीवरची तपकिरी टोपी कागदासारखी पातळ. आतल्या सुया वाढल्या की ती तळाशी सुटते आणि टोकावर डोईवर घातलेल्या कुंचीसारखी अडकून राहते. मग एके सकाळी वाऱ्याने जाते. आतून येणारी फूट इतकी मऊ आणि पोपटी की बाळाच्या जावळाला हात लावावा तसं वाटतं. लेकीने सगळ्या टोप्या डबीत जमवल्या.

थोरलं: यंदाचा शेंडा ९ सेंटिमीटर. धाकटं: ५.

२३ जुलै २०२२

वर्षभर काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

गेला महिनाभर पाऊस नाही, गेल्या आठवड्यात उष्णतेची लाट. पिंप केव्हाच रिकामं झालं, नळाचंच पाणी चालू आहे. थोरल्याला दिवसाआड चाळीस लिटर देते. तरी आतल्या सुया खराट्यासारख्या गळताहेत आणि शेंडा जेमतेम ५ सेंटिमीटर वाढलाय. धाकट्याला आठवड्याला एक झारी, ते मजेत.

आप्पांना फोन केला. "तुम्ही सांगा, एवढं पाणी घालून झाड तहानलेलं कसं?" त्यांनी एकच विचारलं. "पोरी, पाणी आळ्यात मुरतंय ते दिसतंय. हुंडीत जातंय का?"

हा प्रश्न मला दोन वर्षांत सुचला नव्हता. लांब सळई घेऊन बाहेर गेले. आळ्याच्या कडेला सळई सहज हातभर आत गेली, वर ओली माती घेऊन आली. मग खोडापासून वीतभर अंतरावर खुपसली. चार बोटं गेली आणि थांबली, विटेवर टेकल्यासारखी. बोटांनी उकरलं. वरचा पापुद्रा ओला, त्याखाली चिकण माती तडकलेली, कोरडी, पिठासारखी भुगा होणारी. हुंडी आक्रसली होती आणि तिच्याभोवती बोटभर फट पडली होती. माझं सगळं पाणी त्या फटीतून सरळ खडीत उतरत होतं. चाळीस लिटर घालत होते आणि झाडाला त्यातलं जवळजवळ काहीच मिळत नव्हतं.

आप्पा म्हणाले, "घोट घोट पाज. आळं आत घे, हुंडीएवढंच कर." मोठं आळं मोडलं, हुंडीवर ५० सेंटिमीटरचं छोटं बांधलं. दहा-दहा लिटरच्या चार बादल्यांना तळाशी खिळ्याने भोक पाडलं आणि खोडाभोवती ठेवल्या. बादली रिकामी व्हायला चार तास लागतात. रात्री अकराला शेवटची बादली उचलून सळई घातली. दीड वीत गेली.

६ नोव्हेंबर २०२२

थोरलं जगलं. वर्षअखेरीची उंची १७९. धाकटं ३८.

पण थोरल्याच्या यंदाच्या सुया फिकट आहेत, लिंबाच्या सालीसारख्या. जुन्या सुया हिरव्या, नव्या पिवळ्या. याला अर्थ आहे. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं. लोह आणि मँगनीज असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की नवी पानं पिवळी. चुना जास्त असला की लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. उन्हाळाभर मी नळाचं पाणी पाजलं, त्याने भर पडली असणार. आप्पांच्या चुनखडीच्या रानात द्राक्षं अशीच पिवळी पडायची आणि ते चिलेटेड फेरस, म्हणजे चुन्यातही मुळांना मिळेल असं लोह, सोडायचे. मीही वसंतात देणार. पिंप आता दोन आहेत.

आणखी एक गोष्ट यंदा नीट कळली. फरचा यंदाचा शेंडा यंदा ठरत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस कळी बसते, तिच्यात पुढच्या वर्षीच्या फुटीचा आराखडा तयार असतो. मे महिन्यात तो नुसता लांब होतो. म्हणजे या जुलैच्या तहानेचा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात मिळेल. आंब्यासारखं नाही, की पाणी दिलं आणि महिन्याभरात पालवी आली.

११ जून २०२३

सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर थोरल्याच्या टोकावर कावळा. मी दार उघडेपर्यंत उडाला. जाताना त्याने पायाने दाबलं तेवढ्यानेच यंदाचा शेंडा बुडाशी मोडला. अकरा सेंटिमीटरचा कोवळा शेंडा सालीच्या धाग्यावर लोंबत होता.

मला रडू आलं, ते लिहून ठेवते. दुष्काळातून काढलेल्या झाडाची ती पहिली चांगली फूट होती.

शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. ते न बोलता आत गेले आणि बांबूच्या चार काठ्या, मऊ सुतळी घेऊन आले. फरचा शेंडा जूनमध्ये काचेसारखा असतो आणि पक्ष्यांना सगळ्यात उंच टोकावरच बसायचं असतं. त्यावर उपाय म्हणजे झाडापेक्षा वीतभर उंच काठी रोवायची, म्हणजे पक्षी काठीवर बसतो. ख्रिसमसच्या झाडांच्या शेतांतून अशा काठ्या हजारोंनी दिसतात. मला आजवर वाटायचं, त्या ओळी आखायला असतात.

मग दोघांनी मिळून नवा शेंडा बसवला. मोडलेल्या जागेखालच्या थरातली सगळ्यात जोमदार फांदी निवडायची, तिला हळूहळू उभी करून काठीला बांधायची. एकदम उभी करायला गेलं तर खांद्यात चिरते. आज अर्धी उचलली, आठवड्याने आणखी. बाकीच्या फांद्यांची टोकं थोडी छाटली, म्हणजे त्या राज्य मागणार नाहीत. आजोबा मोडका शेंडा बोटांत धरून बराच वेळ हुंगत होते.

एक काठी धाकट्याशेजारीही रोवली. त्याचा शेंडा यंदा १४ सेंटिमीटर आहे. गेल्या वर्षी ७ होता.

३ डिसेंबर २०२३

काल म्युनिकमध्ये ४४ सेंटिमीटर बर्फ. विमानतळ बंद, गाड्या बंद, सगळीकडे अशी शांतता की फांदीवरून बर्फ सुटल्याचा आवाज घरात येत होता.

थोरल्याच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या. वरून झटकलं तर ओझ्याने वाकलेली फांदी कडकन मोडते, म्हणून केरसुणीचा दांडा खालून लावून वर उचलत एकेक फांदी मोकळी केली. खालची आधी, वरची नंतर. नाहीतर वरचा बर्फ खालच्या भरलेल्या फांदीवर पडतो. बांधलेला शेंडा टिकला.

धाकटं दिसतच नव्हतं. जागी फक्त पांढरा उंचवटा आणि बांबूचं टोक. नवरा फावडं घेऊन निघाला होता, मी थांबवलं. बर्फाखाली ते गोठणीपासून आणि वाऱ्यापासून सुरक्षित आहे.

२४ एप्रिल २०२४

मार्च-एप्रिल इतके उबदार गेले की आजोबांचा अक्रोड पंधरवडाभर आधीच फुटला. मग या तीन रात्री गोठल्या. अक्रोडाची सगळी पालवी काळी पडून लोंबतेय, त्यांच्या भिंतीवरची द्राक्षवेलही गेली. आप्पांना फोटो पाठवला. त्यांना द्राक्षाचं दुःख लांबूनही कळतं.

दोन्ही फरच्या कळ्या घट्ट मिटलेल्या आहेत. नॉर्डमन उशिरा फुटतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. तरी ११ ते १५ मे या पाच दिवसांवर नजर ठेवायची. इथले बागवाले त्यांना 'बर्फसंत' म्हणतात आणि ते उलटेपर्यंत टोमॅटो बाहेर लावत नाहीत. आमच्याकडे मृगाची वाट बघतात तशी इथे त्या पाच दिवसांची.

९ जून २०२४

आई आलीय, पहिल्यांदा. आल्यापासून पाऊस, बायर्नमध्ये ठिकठिकाणी पूर आले. आज उघडल्यावर ती बागेत गेली आणि थोरल्याला हात लावून म्हणाली, "अगं, हे आपल्या महाबळेश्वरातल्या ख्रिसमस ट्रीसारखं नाही."

नाहीच. तिकडे बंगल्यांच्या आवारात जे ख्रिसमस ट्री म्हणून लावतात ते आरोकेरिया, दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरचं. त्याचा आणि फरचा संबंध लांबचा. पण फर आपल्याला अनोळखी नाही, हे मी तिला सांगितलं आणि ती चकित झाली. लहानपणी खोकला झाला की ती मधातून तालीसादि चूर्ण चाटवायची. त्यातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरच्या सुया. तिने बरणीतलं चूर्ण वर्षानुवर्षं दिलं, झाड आज पहिल्यांदा पाहिलं.

तिने लगेच एक सुई तोडून चुरगळली. नॉर्डमनच्या सुईला फारसा वास नसतो. मी तिला खोडाजवळ नेलं. फरच्या कोवळ्या सालीवर हरभऱ्याएवढे फोड असतात, नखाने दाबला की आतून पारदर्शक चीक येतो. तो तिच्या बोटावर घेतला. डोळे मिटून म्हणाली, "हाच. हाच वास बरणीच्या झाकणाला यायचा." मग बोटाचा चीक जाता जाईना, खोबरेल लावून काढला.

यातलं काही काढून खायचं नाही, हेही सांगून ठेवलं. फरसारखंच दिसणारं यू नावाचं झाड इथे कुंपणाकुंपणाला आहे आणि ते जहाल विषारी. काही ठिकाणी तालीसपत्र म्हणून त्याचीच पानं विकली जातात.

१६ जून २०२४

आईच्या नजरेला आधी पडलं. "शेंड्याच्या सुया अशा मुरगळल्या का? आणि हा कापूस कसला?"

थोरल्याच्या नव्या फुटीच्या सुया खाली वळून दुमडलेल्या, फांदीच्या पोटाला पांढरे लोकरीचे ठिपके. भिंगाखाली लोकरीच्या आत काळपट, टाचणीच्या टोकाएवढे किडे. फरवरचा लोकरी मावा. कॉकेशसहून नॉर्डमनबरोबरच तो युरोपात आला. त्याचं अर्धं आयुष्य तिकडच्या स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडावर जातं, पण स्प्रूस नसला तरी फरवर त्याचं भागतं.

'लोकरी मावा' म्हटल्यावर फोनवर आप्पा एकदम गप्प झाले. २००२ साली सांगली भागात उसावर आला तो लोकरी मावा. कीड वेगळी, पण दिसायला तशीच. मी कॉलेजात होते. पानाच्या पोटाला पांढरा थर, खालच्या पानांवर काळी बुरशी, रानातून चाललं की कपडे चिकट. आप्पांनी फवारण्या केल्या, मावा परत आला. शेवटी आटोक्यात आला तो मित्रकिडींमुळे. कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस ही नावं तेव्हा गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी होती. "जहाल काही मारू नकोस," आप्पा म्हणाले. "किडं खाणारं किडं मरत्यात."

सगळ्यात मुरगळलेली टोकं कापली. बाकीवर पोटॅश साबणाचं पाणी, फांदीच्या पोटाला नीट पोचेल असं. आईने फांद्या उलट्या करून धरल्या, मी मारलं. दोन ठिकाणी लेडीबर्डच्या अळ्या दिसल्या. त्या फांद्या तशाच ठेवल्या.

चार मीटरवरच्या धाकट्याची सुई न् सुई तपासली. एकही ठिपका नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

चौथ्या वर्षाची मापं. थोरलं १८५. धाकटं ७५, त्यातले २३ सेंटिमीटर एकट्या या वर्षाचे.

मापं बघून मी बराच वेळ पायरीवर बसले. थोरलं चार वर्षांत वीस सेंटिमीटर वाढलं. त्याला दुष्काळ लागला, पिवळं पडलं, शेंडा मोडला, मावा आला. प्रत्येक वेळी मी वरच्या रोगावर इलाज केला. पण शेजारी त्याच मातीत, त्याच उन्हात, निम्म्याहून कमी पाण्यावर दुसरं झाड दरवर्षी जोम धरतंय. दोष वरचा नाही. थोरल्याची मुळं अजून हुंडीबाहेर पडलेली नाहीत, असं मला वाटतं.

दोघं चार मीटरवर आहेत. दहा वर्षांत फांद्यांत फांद्या जातील. एकालाच ठेवता येईल, आणि ते धाकटं असावं असं माझं मत झालंय.

नवरा म्हणाला, "अगं, आत्ता कुठे त्याचा शेंडा सरळ झाला. आणखी दोन वर्षं दे." लेक काहीच बोलली नाही, जेवण अर्धं सोडून उठली. ती आता दहा वर्षांची आहे. चार वर्षं दर डिसेंबरात तिने थोरल्याला दिव्यांची माळ घातली आहे. मी निर्णय लादला नाही.

२ नोव्हेंबर २०२४

लेक आज स्वतः पट्टी घेऊन बागेत गेली. धाकट्याच्या एकेका वर्षाची लांबी मोजून आली. फरमध्ये ते सोपं असतं, दरवर्षी एक थर, दोन थरांतलं अंतर म्हणजे एक वर्ष. कागदावर पाच, सात, चौदा, तेवीस असे चार आकडे आणि त्यांच्यासमोर थोरल्याचे. मग म्हणाली, "आई, पण ते कापलं तर टाकायचं नाही. ते घरात आणायचं." म्हणजे यंदा विकतचं झाड आणायचं नाही.

ठरलं.

७ डिसेंबर २०२४

सकाळी थोरलं कापलं. करवत मी चालवली, लेकीने वरून धरलं. दिवाणखान्यात पाण्याच्या स्टँडवर उभं आहे, त्याची एक बाजू विरळ आहे ती भिंतीकडे केली.

मग आम्ही तिघांनी बुंधा खणला. तीन तास. वरची माती निघाली तेव्हा आधी तारेची जाळी लागली. चार वर्षांत तिला नुसता तांबूस गंज धरलाय, एकही तार तुटलेली नाही. गोणपाटाच्या चिंध्या उरल्या होत्या. तार कापून हुंडी पाण्याच्या नळीने धुतली तेव्हा सगळं दिसलं. रोपवाटिकेत फावड्याने तोडलेली अंगठ्याएवढी जाड मुळं, टोकाला गाठी आलेल्या. गाठीतून केसांसारख्या बारीक मुळ्यांचे झुपके फुटले होते. ते गोणपाटापर्यंत आले, खडी लागल्यावर वळले आणि चिकण मातीच्या कडेने गोल फिरले. फरला खाली सरळ जाणारं सोटमूळ हवं असतं. इथे ते तीस सेंटिमीटरवर तोडलेलं होतं. जाळीबाहेर गेलेली मुळं मोजली. पाच. त्यांतलं सगळ्यात जाड पेन्सिलीएवढं. त्या पाच मुळांवर ते चार वर्षं उभं होतं.

नवऱ्याने फोटो काढून आप्पांना पाठवला. त्यांचा आवाज आला: "बिचारं. लई झुंजलं."

पुन्हा कुणी मला विचारलं तर सांगेन: हुंडीचं घ्यायचंच असेल तर आधी तिची माती आपल्या मातीशी ताडून बघा, झाड खड्ड्यात बसल्यावर तार कापून काढा, आणि पहिली दोन वर्षं पाणी आळ्यात नाही, हुंडीत पोचतंय का ते सळईने बघा. पण चार वर्षांचं उघड्या मुळांचं रोप मिळत असेल तर तेच घ्या.

खड्डा त्याच मातीने भरला. छाटलेल्या खालच्या फांद्या धाकट्याच्या बुडाभोवती पसरल्या, इथे हिवाळ्यात तसं पांघरूण घालतात. दक्षिणेच्या बाजूला दोन फांद्या उभ्या खोचल्या, फेब्रुवारीच्या उन्हासाठी.

लेकीने हातमोजा काढून शेंड्याच्या कळ्या मोजल्या. मधली एक आणि तिच्याभोवती पाच.